मे महिन्यात भरलेली नदी

पोलंडची विस्तुला नदी हजार किलोमीटरहून लांब. उन्हाळ्यात वॉर्सातली माणसं तिच्या काठच्या वाळूत ऊन खात पडतात. आपल्या बोरिवलीची दहिसर नदी जेमतेम बारा किलोमीटरची, आणि उन्हाळा ही तिची गैरहजेरीची वेळ.

तुळशी तलावाकडून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांतून ती उतरते आणि बोरिवली, दहिसर ओलांडून मनोरीच्या खाडीला मिळते. मे महिन्यात उद्यानातलं तिचं पात्र पाहावं: घासून गुळगुळीत झालेले दगड, वाळका पाला, एखाद्या डोहात उरलेलं पाणी. सुट्टीतली पोरं नौकाविहार करतात तो अडवलेल्या पाण्यात. इथला खडक ज्वालामुखीचा. त्याच्या पोटात पाणी फारसं राहत नाही. जंगलातली माती पावसाळ्यानंतर काही काळ झिरपत राहते, तेवढंच. याच डोंगरांतल्या कान्हेरी लेण्यांच्या भिक्खूंनी हे ओळखलं होतं. डोंगरमाथ्यावरचं पावसाचं पाणी त्यांनी कातळात खोदलेल्या पन्हळींतून पोढ्यांमध्ये, म्हणजे कातळातल्या टाक्यांमध्ये, साठवलं. नदीच्या भरवशावर ते राहिले नाहीत.

आता उद्यानाबाहेरच्या पुलावरून डोकावा. भर मेमध्ये पात्र वाहतंय! मुंबईच्या नदीत उन्हाळ्यात पाणी दिसणं ही वाईट खूण. ते आलंय घरांच्या सांडपाण्यातून आणि तबेल्यांतून. तबेले शहराला दूध देतात, त्यांचं शेण नदीला. शेणातले सेंद्रिय पदार्थ खाताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. मग काळा गाळ आणि ती वास मारणारी हवा. याच नदीत पूर्वी पोहलेले, मासे पकडलेले बोरिवलीकर अजून भेटतात. पुढे मनोरी-गोराईचे कोळी खाडीवर जगतात. वरून आलेलं सगळं आधी त्यांच्या जाळ्यात येतं.

पावसाळ्यात उलटंच. उतार मोठा, लांबी कमी, खाली काँक्रीट. डोंगरावरचा पाऊस बघता बघता वस्तीत पोचतो. तेव्हा खाडीत भरती असली तर त्याला बाहेर पडायला वाट नसते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; पुरात मिठी नदीचं नाव गाजलं, पण दहिसर, पोयसर, ओशिवरा या नद्याही पात्राबाहेर आल्या होत्या.

त्यानंतर काठांवर संरक्षक भिंती वाढल्या. पुरापुरता हा उपाय समजण्यासारखा आहे. मात्र काठच्या मातीतून दिवाळीनंतर जे थोडं स्वच्छ पाणी पात्रात पाझरायचं, त्याची वाटही या भिंतींनी अडते आणि नदीत सांडपाण्याचा वाटा आणखी वाढतो.