हिरा घेताना (७) : माशी, केस आणि कावळ्याचा पाय

आज प्रमाणपत्राचा कागद उलगडून बसायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय, कारण एका आजींचं पत्र आलंय. मागच्या लेखातलं दहापट दाखवणारं भिंग त्यांनी खरोखरच आणवलं आणि सासूबाईंकडून आलेल्या कुड्यांवर धरलं. एका कुडीच्या सात हिऱ्यांपैकी मधल्यात काळा ठिपका! 'सराफ म्हणतो, कार्बन राहिलाय. तो वाढेल का? कुड्या मोडू का?'

वाढणार नाही आणि मोडू नका. कार्बन 'राहिलाय' हे तर खडीसाखरेत साखर राहिली म्हणण्यासारखं झालं. अख्खा हिराच कार्बनचा असतो. ठिपका ग्रॅफाइटचा, म्हणजे पेन्सिलीतल्या कार्बनचा असू शकतो, तेवढ्यापुरता सराफ बरोबर. पण पुष्कळदा ते सल्फाइड किंवा क्रोमाइटसारखं दुसरंच खनिज निघतं, हिरा घडताना त्याच्या पोटात अडकलेलं. बोत्स्वानातल्या ओरापा खाणीच्या एका हिऱ्यातले असेच बारीक काळे कण संशोधकांनी तपासले. त्यात जे सापडलं ते २०२१ मध्ये डेव्हमाओइट या नावानं जाहीर झालं. ते तयार होतं जमिनीखाली ६६० किलोमीटरच्याही पलीकडे. तिथवर माणसाचं कुठलंच यंत्र पोचलेलं नाही. ओरापाचा तो डाग तिथून वर आला. दुकानात मात्र अशा डागाचे पैसे कापतात.

आपल्याकडे डागांची नावं जुनी आहेत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतल्या वज्रपरीक्षेत हिऱ्याच्या दोषांमध्ये माशी, केस आणि काकपद येतात. आजींच्या हिऱ्यात बसलीय ती माशीच म्हणायची. काकपद म्हणजे कावळ्याचा पाय. मला तरी ती आतली फाटलेली चीर वाटते. गंमत म्हणजे इंग्रजीत तिला 'फेदर', म्हणजे पीस म्हणतात. पाय घ्या की पीस, पक्षी सुटत नाही.

विकत घेताना मी माशीपेक्षा या कावळ्याला जास्त भितो. चीर कडेपर्यंत आली असेल, तर जडवताना किंवा आपटल्यावर हिरा तिथून टवका सोडू शकतो. माशीचं सगळं जागेवर ठरतं. वरच्या सपाट पैलूच्या, टेबलच्या, मधोमध बसली तर खालचे पैलू तिला आरशासारखे परत परत दाखवतात आणि एकीच्या चार दिसतात. कडेला असली तर कोंदणाच्या पकडीखाली दडते. म्हणून एसआय-वन या एकाच स्वच्छतेच्या श्रेणीचे दोन हिरे समोर ठेवले, तर एक घेण्यासारखा आणि दुसरा नकोसा असू शकतो. श्रेणी भिंगाखाली ठरते, दागिना हातभर अंतरावरून दिसतो. एमराल्ड कटचे पैलू लांब, खिडकीसारखे. तिथे एक श्रेणी वरची घ्या. आणि काळं काहीच नसून हिरा दुधाळ दिसत असेल तर सरळ परत करा. आत बारीक कणांचा ढग असतो, तो चमकच खातो. एकदा एक असा 'स्वच्छ' हिरा मी दुकानातल्या झगझगीत दिव्याखाली पसंत केला होता. दाराशी उजेडात नेल्यावर तो साबणाच्या पाण्यासारखा दिसला.

आजी, दुसऱ्या कुडीतला मधला हिरा पाहिलात का? त्याबद्दल पत्रात काहीच नाही.