एका हंगामात वर चढलेला संघ

ज्यांचा चुलता, मामा किंवा थोरला भाऊ परळ-लालबागच्या गिरणीत होता, अशी घरे आपल्या गावांतून पुष्कळ आहेत. सुटीत त्यांच्याकडे गेलेल्या मुलांनी चाळीच्या पटांगणात कबड्डीचे सामने पाहिले, दादरला शिवाजी पार्कवर क्रिकेट पाहिले, गिरगावच्या व्यायामशाळा पाहिल्या. पण मंत्रालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेले कूपरेजचे मैदान फार थोड्यांच्या पाहण्यात आले असेल. मुंबईच्या फुटबॉलचे ते पंढरपूरच म्हणायचे. या मैदानाला आपले घर मानणाऱ्या एका संघाने जन्माला आल्यावर पहिल्याच वर्षी देशाच्या दुसऱ्या श्रेणीचे अजिंक्यपद मिळवले, पुढे नऊ हंगाम तो पहिल्या श्रेणीत टिकला आणि मग एकाएकी संपला. मुंबई फुटबॉल क्लब हे त्याचे नाव.

ज्यांच्या घरात खेळाचे वेड घेतलेला मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी ही हकिकत मुद्दाम वाचावी. अजिंक्यपद मिळवायला काय लागते आणि मिळवलेले टिकवायला काय लागते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मैदान जुने, संघ कंपन्यांचे

कूपरेज हे नाव लाकडी पिंपे बनवण्याच्या धंद्यावरून पडले. इंग्रजांच्या अमदानीत १८९१ साली मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली. प्रथम गोऱ्या पलटणींचेच संघ ती जिंकत. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती जिंकली आणि चषक पहिल्यांदा हिंदी संघाच्या हाती आला. पुढे कलकत्त्याचे आणि हैदराबादचे नामांकित संघ कूपरेजवर खेळून गेले.

मुंबईचे स्वतःचे बलवान संघ मात्र बहुतेक कंपन्यांचे आणि गिरण्यांचे होते. टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्र अशी त्यांची नावे. चांगल्या खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे. सकाळ-संध्याकाळ सराव, मधल्या वेळात काम आणि महिन्याच्या महिन्याला पगार. खेळ संपला तरी नोकरी राही, त्यामुळे घरची माणसेही मुलाला मैदानावर जाऊ देत. १९८२ सालच्या गिरणी संपानंतर कामगार वस्तीची घडी विस्कटली आणि हळूहळू कंपन्यांच्या संघांनाही उतरती कळा लागली.

महिंद्र युनायटेडने २००५-०६ च्या हंगामात राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. मुंबईच्या संघाने देशाची लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. पण चारच वर्षांनी, २०१० साली, कंपनीने तो संघ बंद केला. संघ चांगला खेळत होता, पण तो चालवायचा की नाही हे मैदानावर ठरत नव्हते.

श्रेणी म्हणजे काय?

इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या श्रेणी एकाखाली एक अशा आहेत. खालच्या श्रेणीत पहिला येणारा संघ पुढच्या वर्षी वरच्या श्रेणीत जातो आणि वरच्या श्रेणीत तळाला राहणारा खाली उतरतो. त्यामुळे एखाद्या लहान बंदराच्या गावाचा संघसुद्धा, खेळाच्या जोरावर, पायरी पायरीने मोठ्या शहरांच्या संघांच्या पंगतीला बसू शकतो. शाळेतल्या इयत्तेसारखेच हे, फक्त इथे नापास झालेल्याला त्याच वर्गात न बसवता खाली पाठवतात.

आपल्या देशात राष्ट्रीय लीग १९९६ साली सुरू झाली. २००७ साली तिच्या जागी आय-लीग आली आणि तिच्याखाली दुसरी श्रेणी होती. जिंकल्यास तीन गुण, बरोबरीस एक, हरल्यास शून्य. एका सामन्यात नशीब साथ देईल, पण हंगामभराच्या गुणांत नशिबाचे फारसे चालत नाही. एका सरीने पीक येत नाही, तसेच हे.

२००८ चा हंगाम

मुंबई फुटबॉल क्लब २००७ साली एस्सेल उद्योगसमूहाने उभा केला. पिवळा गणवेश, कूपरेजचे मैदान आणि प्रशिक्षक म्हणून डेव्हिड बूथ हे इंग्रज गृहस्थ. बूथ यांचा जन्म १९४८ चा. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील ग्रिम्सबी या मासेमारीच्या बंदरातील संघाकडून ते खेळले आणि पुढे त्याच संघाचे व्यवस्थापकही झाले. श्रेणीच्या चढउताराचा हिशेब त्यांच्या अंगात मुरलेला होता. मुंबईही त्यांना नवखी नव्हती, कारण आधी ते महिंद्र युनायटेडचे प्रशिक्षक होते. सगळे खेळाडू नव्याने एकत्र आलेले असताना अशा जाणत्या माणसाचा फार उपयोग होतो.

२००८ साली दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा झाली. आधी गटातले सामने आणि त्यांतून वर आलेल्या संघांची अंतिम साखळी. त्या वर्षी पहिली श्रेणी वाढवायची होती, म्हणून वरच्या चार संघांना बढती मिळणार होती. मुंबई फुटबॉल क्लब पहिला आला. त्याच्याबरोबर कलकत्त्याचे चिराग युनायटेड व मोहमेडन स्पोर्टिंग आणि गोव्याचा वास्को हे संघ वर गेले. मोहमेडन स्पोर्टिंग तर एकोणिसाव्या शतकात स्थापन झालेला, देशभर चाहते असलेला क्लब. त्याच्या पंक्तीला वर्षाचे पोर पहिल्या पाटावर बसले!

आमच्या कृषी खात्यात पीक-प्रात्यक्षिकाचा प्लॉट घेतात. बियाणे निवडक, खत वेळेवर, देखरेखीला माणूस. पहिल्या वर्षी पीक डोळ्यांत भरते. खरी परीक्षा तिसऱ्या-चौथ्या वर्षी असते, म्हणजे मदत आटल्यावर शेतकरी स्वतःच्या हिमतीवर तेच पीक घेतो का, यात. क्लबाचेही तसेच होते. वर गेलेल्या चारांपैकी मोहमेडन आणि वास्को २००८-०९ च्या पहिल्याच हंगामात पुन्हा खाली उतरले. मुंबईचा संघ टिकला.

टिकून राहण्याची नऊ वर्षे

या टिकण्याचे बरेचसे श्रेय खालिद जमील यांना जाते. भारताकडून खेळलेला हा मधल्या फळीचा खेळाडू महिंद्र युनायटेड व एअर इंडिया करून मुंबई फुटबॉल क्लबात आला होता. २००९ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते या संघाचे प्रशिक्षक झाले आणि २०१६ पर्यंत राहिले. या संघाने पहिल्या श्रेणीचे अजिंक्यपद कधीच मिळवले नाही. गोव्या-कलकत्त्याच्या मातब्बर क्लबांपुढे त्याचे साधन कमीच होते. मधली काही वर्षे तर कूपरेजच्या नूतनीकरणामुळे आपले सामने पुण्याला बालेवाडीत जाऊन खेळावे लागले. परक्या गावात आपले प्रेक्षक कुठून येणार? तरीही दर वर्षी हा संघ पुरेसे गुण जमवून आपली जागा राखत राहिला. जमील यांचा संघ बचाव आधी पक्का करी आणि संधी मिळेल तेव्हा गोल करी. पाहणाऱ्याला तो खेळ कधी कधी रुक्ष वाटे. पण कोरडवाहू शेतकऱ्याला हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याच्या विहिरीला पाणी बेताचे, तो आधी घरापुरती ज्वारी पिकवतो आणि मग उसाचा विचार करतो.

याच संघात मुंबईचा जयेश राणे आणि बचाव फळीतला आशुतोष मेहता यांच्यासारखे तरुण खेळाडू तयार झाले. अजिंक्यपदाच्या यादीत अशा गोष्टींची नोंद नसते, पण त्या महत्त्वाच्या असतात.

२०१६-१७ चा उलटा न्याय

२०१६ साली जमील आणि क्लब वेगळे झाले. जमील मिझोरामच्या ऐजॉल या संघाकडे गेले. हा संघ आदल्या वर्षी पहिल्या श्रेणीतून खाली गेला होता. गोव्याच्या काही क्लबांनी लीग सोडल्यामुळे जागा रिकाम्या झाल्या आणि त्याला परत घेण्यात आले. राणे आणि मेहता हे दोघेही तिकडे गेले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला शेवटचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि ऐजॉल देशाचा अजिंक्य संघ ठरला. ईशान्य भारतातील क्लबाने देशाची लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. सारे मिझोराम आनंदले.

त्याच हंगामाच्या गुणतक्त्यात सर्वांत खाली, दहाव्या जागी, कोण होते? मुंबई फुटबॉल क्लब. इथे कमावलेले शहाणपण डोंगरापलीकडे जाऊन फळाला आले, आणि ज्या बांधावर ते कमावले तो बांध मात्र फुटला.

खाली गेलेला संघ पुन्हा वर येऊ शकतो. २००८ साली त्याने तेच करून दाखवले होते. पण आता दिवस बदलले होते. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली होती. तिच्यात जागा मिळायची ती शुल्क भरून, खालून जिंकत येऊन नव्हे. मुंबईचा दुसरा मोठा संघ, मुंबई सिटी, त्या लीगमध्ये होता. पैसा, प्रेक्षक आणि दूरदर्शन संचाचा पडदा तिकडे वळला. जिथे वरचा दरवाजाच बंद, तिथे खालच्या पायऱ्या चढायच्या कशासाठी, असा प्रश्न मालकांपुढे पडला तर नवल नाही. २०१७ साली क्लब बंद झाला. पगारी खेळाडू, प्रशिक्षक, मैदानावरची माणसे यांना दुसरे ठिकाण शोधावे लागले. जुन्या कंपनी संघात निदान नोकरी मागे उरत असे. इथे करार संपला की सारे संपले.

पुढे हा दरवाजा थोडा उघडला. २०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला सुपर लीगमध्ये जाण्याचा मार्ग मिळाला. २०२३-२४ ची आय-लीग जिंकून त्या मार्गाने वर कोण गेले असेल? मोहमेडन स्पोर्टिंग. २००८ साली मुंबईबरोबर वर आलेला आणि वर्षात खाली पडलेला तोच क्लब. तो पडला, अनेक वर्षे खाली राहिला, पण मोडला नाही. कारण तो कोणा एकाच्या मर्जीवर उभा नव्हता, त्याच्यामागे चाहत्यांच्या पिढ्या होत्या. आणि खालिद जमील यांची ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली.

आपल्याकडचे उदाहरण

अशी मुळे पाहायला कलकत्त्याला जाण्याचे कारण नाही. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर जावे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हे तिथले संघ पेठांचे आणि तालमींचे आहेत. कुस्तीच्या मातीतच तिथे फुटबॉल रुजला. पाठीराखे पेठेतले, वर्गणी पेठेतली, आणि पोरे त्याच गल्लीत चेंडू मारून मोठी झालेली. देशाच्या लीगचे अजिंक्यपद त्यांच्या वाट्याला आलेले नाही. पण एखाद्याने हात आखडता घेतला म्हणून खेळ बंद पडला, असेही तिथे होत नाही. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला.

तेव्हा घरातला मुलगा किंवा मुलगी खेळात पुढे असेल, तर पालकांनी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, शिक्षण सोडू देऊ नये. करार दोन-चार वर्षांचा असतो आणि क्लब बंद पडू शकतो, हे वर पाहिलेच. दुसरी, क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्यांची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात वेळेवर करावी. तिथे बहुतेकांची निवड लहान वयातच होते, त्यामुळे उशीर करू नये. तिसरी, एखाद्या संघाकडून बोलावणे आले तर किती पैसे मिळतात एवढेच विचारू नये. संघ किती वर्षांचा आहे, लहान मुलांचे संघ चालवतो का, दुखापत झाली तर खर्च कोण करतो, हेही विचारावे आणि जे ठरेल ते लेखी घ्यावे.

आणि गावाने एक करावे. शाळेचे मैदान राखावे. त्यावर खळे, उकिरडा किंवा अतिक्रमण होऊ देऊ नये. पावसाळ्यात पाणी साचत असेल तर एका कडेने चर काढून उतार द्यावा. दोन बांबूंचे गोल आणि एक चेंडू एवढ्यावर सुरुवात होते. एका हंगामात अजिंक्यपद मिळाले तर आनंदच आहे, पण गावात दर वर्षी खेळ सुरू राहणे त्याहून मोलाचे आहे.