कोठडीतील माणसाचे हक्क

गुन्हा घडला की पोलीस तपास करतात आणि ज्याचा संशय येतो त्यास पकडून कोठडीत ठेवतात. पुष्कळांना वाटते, पकडला गेला तो अपराधीच! पण मुलांनो, संशयाने अपराध शाबीत होत नाही. तो न्यायालयाने पुराव्यावरून ठरवावयाचा असतो. अपराधी ठरलेल्यासही मारहाण करण्याचा अधिकार कोणास नाही. मग संशयितास कसा असेल?

परंतु कोठडीच्या बंद दाराआड काय घडते, हे कोणी पाहावे? यासाठी आपल्या राज्यघटनेच्या २२व्या अनुच्छेदाने काही बंधने घातली आहेत. अटक केलेल्या माणसास अटकेचे कारण सांगावे, वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, असा सामान्य नियम आहे.

तरीही कोठडीतील मृत्यूंच्या वार्ता येतच राहिल्या. पश्चिम बंगालमध्ये कायदेविषयक साहाय्य देणाऱ्या एका संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी १९८६ साली अशा वार्तांकडे लक्ष वेधणारे पत्र सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांस लिहिले. न्यायालयाने त्या पत्रासच अर्ज मानले व १९९६ साली देशभरासाठी ११ नियम घालून दिले.

त्यांतील काही पाहा. अटक करणाऱ्या पोलिसाच्या गणवेशावर त्याच्या नावाची स्पष्ट पट्टी असावी. म्हणजे जबाबदार कोण, हे लपत नाही. अटकेची तारीख व वेळ लिहून तिच्यावर साक्षीदाराची सही घ्यावी. म्हणजे २४ तास केव्हापासून मोजावयाचे, याविषयी वाद उरत नाही. नातलगास किंवा मित्रास अटकेची खबर द्यावी. दर ४८ तासांनी डॉक्टरांनी तपासणी करावी. म्हणजे कोठडीत झालेली इजा दडून राहत नाही.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची स्थापना १९९३ साली झाली. कोठडीत कोणाचा मृत्यू झाल्यास २४ तासांच्या आत आयोगास कळवावे लागते. पुढे २०२० साली प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही कॅमेरे बसविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला.

या नोंदी प्रामाणिक पोलिसाच्याही हिताच्या आहेत. त्याच्यावर खोटा आळ आला तर त्याच त्याची साक्ष देतात. मात्र नियम कागदावर असून भागत नाही. ते ठाऊक असलेला आणि ते पाळले जातात की नाही, हे निर्भयपणे विचारणारा नागरिक असेल, तरच कोठडीतील माणूस सुरक्षित राहील.