आठवड्यातला एक हक्काचा दिवस

वाचकहो, रविवार म्हटले की शाळेतल्या पोरालासुद्धा सुट्टी आठवते. पण हा रविवार कष्टकऱ्याच्या ताटात कोणी आयता वाढलेला नाही. तो मागावा लागला, त्यासाठी सभा भरवाव्या लागल्या. शेतकऱ्याच्या घरात तर तो अजूनही पुरता पोचलेला नाही. म्हणून मागच्या पिढ्यांतली राबणारी माणसे आठवड्याचा विसावा कसा घेत, ते आज जरा आठवून पाहू.

गिरणीचा रविवार

तुमच्या गावातल्या जुन्या घरांत चौकशी करा. आजोबा, चुलते, मामा, कोणी ना कोणी मुंबईच्या गिरणीत होतेच. कोकणातून, साताऱ्याकडून, घाटावरच्या कोरडवाहू गावांतून गडीमाणसे गिरणगावात गेली. सुरुवातीच्या काळात तिथे दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. आठवड्याची अशी ठरलेली सुट्टी नव्हती. सणासुदीला जी मिळे तेवढीच.

महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी हा प्रश्न हाती धरला. १८८४ पासून त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या, हजारो सह्यांचे अर्ज केले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानात कामगारांची प्रचंड सभा भरली. त्या सभेत दोन बायकाही बोलायला उभ्या राहिल्या, हे विशेष. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कायद्याने, आठवड्याची सुट्टी कारखान्यांना बंधनकारक झाली आणि बायकांचे काम दिवसाला अकरा तासांवर आणले गेले. अकरा तास! तेव्हा तीही सवलतच वाटली.

मिळालेल्या या दिवसाचे गिरणीकामगाराने काय केले? एका गावची माणसे एका खोलीत, ‘गाळ्या’त राहत. वीस-वीस, तीस-तीस गडी पाळीपाळीने झोपत. रविवारी खानावळीत मटणाचे जेवण, कपडे धुणे, दाढी-हजामत आणि गावाकडे पत्र. लिहिता येणारा एक, सांगणारे दहा. मग लालबाग-परळच्या चाळींत भजन, आखाड्यात कुस्ती, मैदानात हुतुतू, थेटरात तमाशा, ‘भारतमाता’ला सिनेमा. कामगारांनी स्वतः नाटके बसवली. अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांच्यासारखे शाहीर याच वस्तीत गाजले. गावाची देवळे, तालमी, शाळाखोल्या यांची वर्गणीसुद्धा अशाच रविवारच्या बैठकांत ठरे.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यानंतर पुष्कळ गिरण्या कायमच्या थंडावल्या, माणसे गावी परतली आणि गिरणगावाचा तो रविवारही ओसरला.

गावचा सोमवार आणि बाजार

इकडे गावात रविवार नव्हता, पण विसावा होता. पुष्कळ गावांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नसत. सोमवार महादेवाचा आणि बैल म्हणजे त्याचा नंदी. बैल दावणीला बसला की औतही थांबले, आणि औत थांबले की गड्यालाही उसंत. त्या दिवशी सुताराच्या मेटावर नांगर दुरुस्त होई, लोहाराकडे फाळ शेवटून येई, आणि बसल्या बसल्या गप्पाही होत.

दुसरा विसावा बाजारच्या दिवसाचा. मीठ, मिरची, रॉकेल, सुकट-बोंबील एवढेच घ्यायचे, पण त्यासाठी अख्खा दिवस जाई, आणि कोणाला त्याचे वाईट वाटत नसे. बाजारात व्याही भेटे, लेकीची खुशाली कळे, एखादी सोयरीकही तिथेच निघे. संध्याकाळी धोतराच्या सोग्यात बांधलेली गोडीशेव, भत्ता नाहीतर रेवड्यांची पुडी घरी येई. पोरे वेशीपर्यंत सामोरी जात, ती बापासाठी की पुडीसाठी, ते विचारू नका!

सुगी संपली की जत्रा येत. तमाशाची कनात, तंबूतला सिनेमा, कुस्त्यांचा फड. पुढे रेडिओ आला. पारावर ‘माझं घर माझं शेत’ ऐकायला माणसे जमत. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ लागू लागले तेव्हा एका घरातल्या टीव्हीपुढे अर्धी आळी बसे. गावात रविवार खऱ्या अर्थाने त्या सुमारास आला म्हणा ना!

आणि घरची लक्ष्मी?

आता एक प्रश्न तुम्हांला विचारतो. या साऱ्या हिशेबात घरच्या बाईची सुट्टी कुठे आहे? पहाटे जाते, मग पाणी, शेण, भाकरी, भांगलण, आणि पुन्हा चूल. बैलाला सोमवार होता, तिला तोही नव्हता. जुन्या लोकांनी एक वाट मात्र ठेवली होती. नागपंचमीला चिरू नये, कापू नये, तवा ठेवू नये. निमित्त नागोबाचे, पण त्या दिवशी विळी आणि तवा दोन्ही थांबत. झाडाला झोका चढे, झिम्मा-फुगडी रंगे. वर्षातला तो एक दिवस!

आज बैल कमी झाले आणि ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरला सोमवार लागत नाही, म्हणून चालवणाऱ्याचाही सोमवार गेला. दुभती गाय तर रोज दोन वेळा धारेला उभीच. वर मोबाईल हातात आला. त्याने वेळ जातो, पण माणसाशेजारी माणूस बसत नाही. काम करता करता पाठ मोडते आणि घरातली माणसे एकमेकांशी बोलायची राहतात.

म्हणून बंधूंनो, बाजारचा दिवस म्हणा, सोमवार म्हणा, आठवड्यातला एक दिवस घराने मिळून ठरवा. धारा काढाव्या लागतील, वैरण टाकावी लागेल, ते चुकणार नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी औजाराला हात लावायचा नाही, आणि चुलीपाशी घरच्या गड्यांनी बसायचे. पिठले-भात काही अवघड नाही. भगिनींनो, तुम्हीही त्या दिवशी मागे लागून भांडी घासायला उठू नका. महालक्ष्मीच्या मैदानात त्या दोघीजणी उभ्या राहून बोलल्या, तेव्हा कुठे हक्काचा दिवस मिळाला. आपल्या घरातला दिवसही कोणीतरी तोंड उघडून मागितल्याशिवाय मिळायचा नाही.