पर्जन्यजल निचऱ्याचा निधी : वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

जुलै 2018 च्या अतिवृष्टीत वसई, नालासोपारा आणि विरार ही शहरे जलमय झाली. नालासोपाऱ्याजवळ लोहमार्ग पाण्याखाली गेल्याने वडोदरा एक्स्प्रेसचे प्रवासी अडकून पडले, मिठागराच्या वस्तीत शेकडो लोक अडकले आणि वीजपुरवठाही बंद ठेवावा लागला. पूर का आला, याची चर्चा त्यानंतर पुष्कळ झाली. त्याच्या निवारणाचा खर्च कोणत्या खात्यातून करावयाचा, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी :

या शहराच्या दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर आहेत. डोंगरउतारावरील पाणी महामार्ग व लोहमार्ग यांच्या भरावांखालील मोऱ्यांतून पश्चिमेकडील सखल पट्ट्यात उतरते. उधाणाच्या भरतीत खाडीची पातळी चढली की नाल्यांतील पाणी बाहेर पडू शकत नाही. तेवढे तास ते कोठेतरी साठवून धरणे भाग असते. पूर्वी हे काम खाजणे, मिठागरे, भातखाचरे आणि गावोगावची बावखले करीत असत. बावखल हे वस्तुतः बागायतीचे साधन होय. रहाटाने त्याचे पाणी केळीस व पानवेलीस दिले जाई. पावसाळ्यात मात्र तेच गावाचा धारण तलाव ठरत असे. ही सेवा फुकट मिळत असल्याने कोणत्याही अर्थसंकल्पात तिची नोंद नव्हती. साहजिकच बावखल बुजविले गेले तेव्हा झालेला तोटाही कोठे नोंदला गेला नाही.

2018 च्या पुरानंतर नीरी व मुंबई आयआयटी यांच्या तज्ज्ञांची सत्यशोधन समिती नेमण्यात आली. समितीने धारण तलाव बांधण्याची शिफारस केली. जे पूर्वी आपोआप होत होते, ते आता जमीन संपादून आणि खोदकाम करून विकत घ्यावे लागणार, असाच या शिफारशीचा आर्थिक अर्थ होतो.

निधीचे मार्ग :

ही महानगरपालिका 3 जुलै 2009 रोजी चार नगरपरिषदा व अनेक ग्रामपंचायती एकत्र करून स्थापन झाली. 2011 च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या 12 लाखांवर होती. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 अन्वये गटारांची व्यवस्था हे महानगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. पाणीपुरवठ्यासाठी पाणीपट्टी आहे, मलनिःसारणासाठीही स्वतंत्र कर आकारता येतो. पर्जन्यजलाच्या निचऱ्यासाठी असे स्वतःचे उत्पन्न नाही. त्यामुळे त्याचा खर्च सामान्य उत्पन्नातून, रस्ते, दिवाबत्ती व आस्थापना यांच्याशी स्पर्धा करीत भागवावा लागतो. या स्पर्धेत पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईस पैसे मिळतात. दहा वर्षांनी उपयोगी पडणाऱ्या तलावास ते मिळणे कठीण असते.

बाहेरील साहाय्याची स्थितीही विचार करण्यासारखी आहे. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पास केंद्र शासनाने 1,200 कोटी रुपये मंजूर केले. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 या काळासाठी शहरी पूरनियंत्रणाकरिता 2,500 कोटी रुपयांची शिफारस केली. त्यात मुंबई, चेन्नई व कोलकाता यांना प्रत्येकी 500 कोटी, तर पुणे, बंगळुरू, हैदराबाद व अहमदाबाद यांना प्रत्येकी 250 कोटी होते. निवडीचा निकष लोकसंख्येचा होता. खाडीच्या अलीकडे व पलीकडे पाऊस मात्र एकाच ढगातून पडतो! शिवाय याच आयोगाने आपत्ती निधीचा 80 टक्के भाग मदतकार्य, पुनर्बांधणी व पूर्वतयारी यांच्या प्रतिसाद निधीसाठी आणि केवळ 20 टक्के भाग सौम्यीकरणासाठी राखला. म्हणजे पूर येऊन गेल्यावर मिळणारा पैसा तो टाळण्यासाठी मिळणाऱ्या पैशापेक्षा कितीतरी अधिक ठरतो.

कर्जरोख्यांचा मार्ग पुणे महानगरपालिकेने 2017 मध्ये 200 कोटी रुपये उभारून दाखविला, परंतु तो पाणीपुरवठ्यासाठी होता. पाणीपट्टीतून परतफेड दाखविता येते, नाल्यातून ती दाखविता येत नाही.

पर्याय व अडचणी :

अमेरिकेतील बेलव्ह्यू या लहान शहराने 1974 मध्ये पर्जन्यजलासाठी स्वतंत्र सेवा स्थापन केली. मालमत्तेवरील जमीन जितकी अधिक बांधली वा फरसबंद केली असेल, तितके शुल्क अधिक, हे तिचे तत्त्व आहे. जर्मनीतही अनेक नगरांत सांडपाणी व पर्जन्यजल यांची आकारणी वेगवेगळी होते. हे तत्त्व वसईस विशेष लागू पडते. वाडी व बावखल राखणारे घर पाणी मुरवते, तर संपूर्ण आवार काँक्रीटने झाकलेले संकुल ते शेजाऱ्याच्या दारात सोडते. प्रचलित मालमत्ता करात हा भेद दिसत नाही.

अनधिकृत बांधकामांची अडचण यापेक्षा गंभीर आहे. विकास शुल्क बांधकाम परवानगीच्या वेळी भरले जाते. ज्या इमारतीने परवानगीच घेतली नाही, तिच्याकडून ते कधीच येत नाही, मग पुढे तिच्यावर शास्तीसह मालमत्ता कर बसविला तरीही. नालासोपारा पूर्वेस क्षेपणभूमी व मलनिःसारण केंद्र यांसाठी आरक्षित जागेवर उभ्या राहिलेल्या 41 इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पाडण्यात आल्या. ही कारवाई 2025 च्या प्रारंभी पूर्ण झाली, तोवर हजारो रहिवासी बेघर झाले होते. धारण तलावांसाठी आरक्षण टाकावयाचे असल्यास त्या जमिनींचे संपादन व कुंपण यांची तरतूद आरक्षणाबरोबरच, त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात करावी लागेल.