अक्षरे ओळखीची, भाषा परकी

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालकांची ये-जा सुरू होते. पूर्वी प्रश्न ठरलेला असे, सायन्स की आर्ट्स? अलीकडे त्यात नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "सर, अकरावीला जर्मन किंवा जपानी घेता येईल का? पुण्यातल्या भाच्याने घेतली आहे. मार्क चांगले पडतात म्हणे."

परदेशी भाषांची ही ओढ आम्हाला चांगलीच वाटते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर कोरियन, जपानी, फ्रेंच, जर्मन, रशियन अशा भाषा शिकवण्याचा उल्लेख आहे. बारावी बोर्डाच्या विषयांत जर्मन, फ्रेंच, जपानीबरोबर अरबी आणि फारसीही आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला आणि १०,००० तरुणांना जर्मन शिकवून तिकडे कामासाठी पाठवण्याची योजना जाहीर झाली. त्यात परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशी कामे होती, म्हणजे आपल्याच घरांतील मुला-मुलींची कामे.

हे शहरांतल्या महागड्या शाळांचे काम आहे, असेही समजू नये. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातील गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेने सप्टेंबर २०१९ मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना विचारले, कोणती परदेशी भाषा शिकाल? बहुतेकांनी जपानी निवडली. का, तर रोबोट आणि यंत्रे शिकायची होती म्हणून. स्वयंसेवी शिक्षकाच्या मदतीने ती मुले ऑनलाइन जपानी शिकली. शेतकऱ्यांची मुले ती, पण भाषा कशासाठी हवी हे त्यांना ठाऊक होते.

आमच्याकडे येणाऱ्या पालकांना आम्ही हेच विचारतो, भाषा कशासाठी हवी? उत्तर बहुधा एकच असते, टक्केवारीसाठी. मार्कांसाठी घेतलेली भाषा बारावीच्या गुणपत्रिकेबरोबर कपाटात जाते. जर्मन भाषेच्या सहा पायऱ्या आहेत, ए-१ पासून सी-२ पर्यंत. परिचारिका म्हणून जर्मनीत मान्यता मिळवायची तर साधारणपणे चौथी पायरी, म्हणजे बी-२, गाठावी लागते. जपानीच्या परीक्षेत एन-५ पासून एन-१ पर्यंत पाच पायऱ्या आहेत. पहिल्याच पायरीवर थांबलेल्याला तिकडे कोणी कामावर ठेवत नाही.

अर्धवट भाषेची किंमत आम्ही जवळून पाहिली आहे. आमचा एक माजी विद्यार्थी एजंटमार्फत सौदी अरेबियाला गेला. ड्रायव्हरची नोकरी म्हणून गेला आणि दोन वर्षे गोदामात पोती उचलून परत आला. आल्यावर त्याने कराराचा कागद आमच्यासमोर ठेवला. इंग्रजी बाजूला ड्रायव्हर लिहिले होते. अरबी बाजूला मात्र 'साइक' म्हणजे चालक नव्हे, तर 'आमिल' म्हणजे मजूर असे होते. सौदी कामगार कायद्याप्रमाणे दोन्ही मजकुरांत फरक असेल तर अरबी मजकूर ग्राह्य धरतात.

या मुलाने नवव्या वर्षी नाजरा कुरआन पूर्ण केले होते. त्या दिवशी घरात मिठाई वाटली होती, आम्हीही गेलो होतो. तो म्हणाला, "सर, जेर-जबर नव्हते तरी सगळी अक्षरे वाचता येत होती. अर्थ तेवढा कळला नाही." 'अमल' हा शब्द त्याने जुम्याच्या खुतब्यात किती वेळा ऐकला असेल! 'आमिल' त्याच धातूतून आलेला. ही ओळख आम्ही, म्हणजे त्याच्या शिक्षकांनी, त्याला कधी करून दिली नाही. चूक त्याच्या एकट्याची नव्हती.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदिनेत झैद बिन साबित (रजि.) यांना ज्यूंची लिपी शिकून घ्यायला सांगितले होते. पत्रव्यवहारात दुसऱ्याच्या वाचनावर विसंबून राहणे त्यांना योग्य वाटत नव्हते. झैद (रजि.) यांनी पंधरवड्यात ती आत्मसात केली, मग आलेली पत्रे तेच वाचून दाखवू लागले आणि उत्तरेही लिहू लागले. भाषा कशासाठी शिकायची, याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणते? सूरह अर-रूममध्ये तर माणसांच्या भाषांतील विविधतेला अल्लाहच्या निशाण्यांत गणले आहे.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील मुलांना भाषांचे भय नसते. घरात उर्दू, बाजारात वऱ्हाडी, शाळेत हिंदी आणि इंग्रजी. शेजारच्या तांड्यावर बंजारा बोली, पोडावर कोलामी, पांढरकवड्याकडे तेलुगू कानावर पडते. अरबी लिपी तर मकतबमध्ये लहानपणीच येते. शब्दही आधीच तोंडी असतात. हिशेब, हक्क, वकील, तारीख, फायदा, एवढेच काय, 'करार'सुद्धा अरबीतूनच मराठीत आला आहे. पाया तयार आहे, त्यावर भिंत मात्र आपण उभारत नाही.

म्हणून आमचे सांगणे थोडकेच आहे. मकतबच्या मौलानांना विनंती करा, सबकाबरोबर रोज पाच शब्दांचा अर्थ सांगा. वर्षात हजाराहून अधिक शब्द होतात आणि नमाजमध्ये आपण काय म्हणतो तेही मुलांना कळू लागते. दुसरी परदेशी भाषा घ्यायची तर एकच घ्या, पण निदान तीन वर्षे सोडू नका. मुलगी नर्सिंगला जात असेल तर तिच्यासाठीही हा विचार करा. परदेशी पाठवणारा एजंट ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते पाहा, आणि कराराच्या दोन्ही बाजू जाणकाराकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

आणि हो, परदेशी भाषेच्या हौसेपायी मराठी कच्ची ठेवू नका. तहसील, दवाखाना, बँक, पोलीस ठाणे इथेच आहे. आपली बहुतेक मुले इथेच राहणार आहेत.

आमचा तो विद्यार्थी आता दिग्रसला ऑटो चालवतो. त्याची मुलगी मकतबमध्ये आहे. रोज रात्री तो तिच्याकडून पाच शब्दांचे अर्थ म्हणवून घेतो आणि स्वतःही पाठ करतो.