टोलचा हिशेब घरातच मांडा

आमच्या वस्तीतल्या कितीतरी घरांची चूल गाडीच्या चाकावर पेटते. पेट्रोलचा हिशेब आम्ही पै-पैचा ठेवतो, टोलचा मात्र ठेवत नाही.

मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर मोटारीला एका वेळचे ४५ रुपये पडत. दिवसाला एकच खेप धरली तरी २६ दिवसांचे ११७० रुपये झाले! १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून तिथे हलक्या वाहनांना टोल माफ झाला. म्हणून शिवडीहून पनवेलला निघताना घाई नसेल, तर वाशीचा खाडीपूल बरा. अटल सेतू २०२४ मध्ये खुला झाला तेव्हाच मोटारीला एका खेपेचे २५० रुपये ठरले होते.

रस्ता कोणाचा, हेही आधी विचारावे. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेला फास्टॅगचा वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग राज्याचे, तिथे तो चालत नाही. शिवाय तो खासगी मोटारीलाच मिळतो; टॅक्सी-टेम्पोवाल्या भावांनी त्यात पैसे अडकवू नयेत.

फास्टॅग रिकामा असेल, तर राष्ट्रीय महामार्गावर यूपीआयने भरतानाही सव्वापट टोल पडतो. हा नियम नोव्हेंबर २०२५ चा. तेव्हा आदल्या रात्रीच शिल्लक पाहा. वाचलेला रुपया मुलांच्या वह्या-पुस्तकांच्या कामी येईल.